खोदलेले पाणी, राखलेली शांतता

वाचकहो, एकट्याने प्रवासास निघणे ही गोष्ट आपल्या घरांतून अजूनही थोडी चमत्कारिकच मानली जाते. आपली यात्रा दिंडीची, आपली सहल घरच्या सात-आठ माणसांची, आणि सोबत दशम्यांचे फडके व पाण्याची सुरई. एखादा गृहस्थ पिशवी खांद्यास अडकवून एकटाच निघाला, तर शेजारीपाजारी प्रथम त्याच्या प्रकृतीची आणि मग त्याच्या घरातील भांडणाची चौकशी करतात. पाश्चात्त्य देशांत याच्या उलट प्रघात आहे. मोटारीच्या मागे चाकांचे लहानसे घर जोडावयाचे, एखाद्या तळ्याच्या काठी ते उभे करावयाचे, आणि दोन-चार दिवस कोणाशी फारसे न बोलता पाण्याच्या कडेने हिंडावयाचे. आपल्याकडे असे फिरते घर बाळगणारे थोडे, आणि ते उभे करण्यास सोयीच्या जागा त्याहून थोड्या. परंतु त्या खटाटोपातील खरे सुख पाहू गेल्यास ते सकाळच्या एकट्या फेरीत असते, आणि ती फेरी आगगाडीने निघालेल्या साध्या प्रवाशासही मिळू शकते. ती कोठे मिळेल असे कोणी विचारल्यास आम्ही कोलकात्याचे नाव सांगू.

हे नाव ऐकून आपणांस हसू येईल. हावड्याचा पूल, धर्मतल्याची वर्दळ आणि कालीघाटाची दाटी ज्यांनी पाहिली आहे, ते तर विचारतील की, शांतता शोधावयास कोणी कोलकात्यास जातो काय? पण याच शहराच्या दक्षिण भागात सुमारे १९२ एकरांचा एक परिसर आहे. त्यांपैकी ७३ एकर पाणी आणि बाकीची झाडे, झुडपे, वाटा व मोकळी जागा. त्याचे नाव रवींद्र सरोवर. बंगाली जिभेवर ते 'रोबींद्रो शोरोबोर' होते. मात्र रोजच्या बोलण्यात लोक त्यास नुसते 'लेक' म्हणतात. भोवतालच्या वस्तीनेही तेच नाव उचलले आहे. लेक रोड, लेक मार्केट, लेक गार्डन्स अशा पाट्या जागोजागी दिसतात. मराठी कानास 'लेक' म्हणजे मुलगी. तेथील रहिवासी या तळ्याविषयी ज्या जिव्हाळ्याने व काळजीने बोलतात तो ऐकला, म्हणजे हा अर्थही त्यास अगदीच विजोड वाटत नाही.

प्रथम तेथे जावे कसे ते पाहू. मुंबईहून निघणाऱ्यास गीतांजली एक्सप्रेस आहे. १९७७ साली सुरू झालेल्या या गाडीस रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचे नाव देण्यात आले, आणि ती नागपुरावरून हावड्यास जाते. हावड्यास उतरल्यावर पूर्वी पूल ओलांडण्यातच प्रवाशाचा जीव मेटाकुटीस येई. २०२४ सालापासून मात्र मेट्रोची गाडी हुगळी नदीच्या खालून धावू लागली आहे. तिने धर्मतल्यास, म्हणजे एस्प्लनेडला यावे आणि तेथे दक्षिणेकडे जाणारी मेट्रो धरावी. या मार्गावर कालीघाटाच्या पुढचेच स्थानक 'रवींद्र सरोवर' हे आहे. उतरावयाचे कोठे, असा प्रश्न मराठी माणसापुढे आल्यास हाजरा मार्गावरील महाराष्ट्र निवासाचे नाव जुन्या प्रवाशांच्या तोंडी असते, आणि तेथून सरोवर फार दूर नाही.

वेळेची एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्यावी. मुंबई व कोलकाता यांच्या रेखांशांत साडेपंधरा अंशांचे अंतर आहे, आणि पृथ्वीस एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. हिशेब केला तर असे दिसते की, घड्याळ दोन्हीकडे एकच असले, तरी कोलकात्याचा सूर्य मुंबईच्या सूर्याहून सुमारे तासभर आधी जागा होतो. एके काळी हे अंतर घड्याळांतही दिसत असे. कोलकात्याने आपली निराळी वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत जपली होती. आता सर्व देशाची वेळ एक आहे, पण पाखरांस ते ठाऊक नाही. जून महिन्यात पाच वाजण्यापूर्वीच तेथे उजाडते, तर ऐन थंडीत सव्वासहाच्या सुमारास. मुंबईच्या सवयीने सात वाजता डोळे चोळीत जाणाऱ्यास सकाळचा उत्तम भाग संपून गेलेला आढळेल. पहाटे मेट्रोही सुरू झालेली नसते. तेव्हा फेरीच्या आदल्या रात्री मुक्काम जवळपास असावा हे बरे.

आता आपण काठावर आलो आहोत असे समजू. उत्तरेकडे सदर्न ॲव्हेन्यूचा रुंद रस्ता आहे, दक्षिणेकडे बजबजकडे जाणारे रेल्वेचे रूळ आहेत, आणि या दोहोंच्या मध्ये पाणी पूर्व-पश्चिम लांबट पसरलेले आहे. आत शिरताच रस्त्याचा आवाज एकदम थांबत नाही. तो हळूहळू मागे पडतो. विलायती शिरिषाच्या विस्तीर्ण छत्र्यांखालून वाट जाते. वड, पिंपळ, गुलमोहर ही आपली ओळखीची मंडळी येथेही आहेतच. फक्त गुलमोहर येथे कृष्णचूडा या नावाने ओळखला जातो. शरद ऋतूत, दुर्गापूजेच्या सुमारास, सप्तपर्णी फुलते आणि तिचा उग्र गोड वास संध्याकाळी साऱ्या दक्षिण कोलकात्यात भरून राहतो. बंगालीत तिला छातिम म्हणतात. शांतिनिकेतनात पदवीदानाच्या वेळी स्नातकांच्या हाती याच झाडाची पाने देण्याची प्रथा आहे.

पाण्याकडे पाहावे तर पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसलेले असतात. रातबगळे रात्रपाळी संपवून झाडावर परततात. खंड्या एका फांदीवरून सूर मारतो आणि निळी रेघ ओढून दुसऱ्या फांदीवर जाऊन बसतो. थंडीत परदेशी पाहुणे येतात, आणि त्यांस पाहण्यासाठी दुर्बिणी गळ्यात अडकवून मनुष्यप्राणीही येतात. मध्येच पाण्यावरून एक लांबट, निमुळती नाव सरसर निघून जाते. वल्ही एकाच वेळी पडतात व एकाच वेळी उचलली जातात. वल्हवण्याचे क्लब येथे पुष्कळ वर्षांचे आहेत. त्यांतील कलकत्ता रोइंग क्लबची स्थापना तर १८५८ सालची, म्हणजे या तळ्याहूनही साठ-पासष्ट वर्षे जुनी.

एकटा मनुष्य येथे खरोखर एकटा कधीच नसतो. धोतर सावरीत झपझप चालणारे आजोबा असतात, हात वर करून मोठ्याने हसण्याचा व्यायाम करणारी मंडळी असतात, बाकावर वर्तमानपत्र वाटून घेऊन राजकारणाचा निकाल लावणारे चौघे असतात. आपण दोनदा त्यांच्यासमोरून गेलात की तिसऱ्या खेपेस कोणी तरी विचारतेच, "कोठून आलात?" महाराष्ट्रातून आलो असे सांगताच बाजूला सरकून जागा करून दिली जाते. वयस्क बाईंस 'माशिमा' म्हणावे. आपल्या 'मावशी'चीच ती बंगाली बहीण. बाहेरच्या टपरीवर चहा मातीच्या लहान पेल्यात मिळतो. त्यास ते 'भाँड' म्हणतात, आणि आपल्या 'भांड्या'शी असलेले त्याचे नाते सांगावयास भाषापंडिताची गरज नाही. या गप्पा नको असतील तर नुसते हसून पुढे जावे. कोणास राग येत नाही. मोठ्या शहराचा हा एक गुण आहे की, तेथे माणसाला सोबतही मिळते आणि मोकळेही सोडले जाते.

परंतु वाचकहो, एवढे वर्णन करून थांबावे असा आमचा हेतू नाही. येथे बसल्यावर मनात प्रथम असे येते की, शहर वाढत गेले आणि निसर्गाचा एवढा तुकडा कसाबसा वाचला. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. या जागी पूर्वी तळे नव्हते. दलदल आणि रान होते. शहराची सुधारणा करण्यासाठी १९१२ साली कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आपल्या मुंबईत १८९६ च्या प्लेगने हाहाकार उडविल्यानंतर १८९८ मध्ये असाच ट्रस्ट निघाला होता. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या त्याच्याच कामातून उभ्या राहिल्या. कोलकात्याच्या ट्रस्टने १९२० नंतरच्या काही वर्षांत ही दलदलीची जमीन ताब्यात घेतली. वस्ती करावयाची तर सखल जमीन उंच करावयास हवी, आणि त्यासाठी माती हवी. खोल खणून तळे केले, भोवतालच्या सखल जागा भरून सपाट केल्या, आणि रस्ते आखले. तेव्हा आज ज्या भागात लोक सुखाने नांदतात, त्याची उंची आणि या तळ्याची खोली ही दोन्ही एकाच कामाची फळे होत. आरंभी यास ढाकुरियाचे तळे म्हणत. १९५८ साली त्यास रवींद्रनाथांचे नाव देण्यात आले.

खोदणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र खोदली नाही. त्या रानात आधीपासून एक मशीद होती. तिला हात न लावता भोवती पाणी आणण्यात आले, म्हणून आज ती बेटावर उभी आहे. आणि तेथे जाण्यासाठी १९२६ साली बांधलेला झुलता पूल दक्षिण काठास जोडलेला आहे. तळ्याच्या परिसरातच एक जपानी बौद्ध मंदिर आहे. निचिदात्सु फुजी या जपानी भिक्षूंनी १९३५ साली त्याची स्थापना केली. हे नाव वर्ध्याच्या मंडळींस परके नाही. १९३३ साली फुजी गुरुजी वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले, आणि सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा त्यांचा जप पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत सामील झाला. त्यांच्या पंथात हा जप हातातील पंख्यासारख्या सपाट ढोलाच्या ठेक्यावर करतात. सेवाग्रामची प्रार्थना ज्यांनी ऐकली आहे, त्यांस या अनोळखी शहरात तेच शब्द कानी पडावेत, हा योग लहान नव्हे.

खोदण्याचा विषय निघाला म्हणून आणखी एका खोदकामाची आठवण करावीशी वाटते. कारण त्यात आपला मराठ्यांचा संबंध आहे. १७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. खेडी जळाली, माणसे परागंदा झाली. कोलकात्याच्या रहिवाशांनी घाबरून शहराभोवती सात मैलांचा खंदक खणावयास घेतला. तीन मैलांच्या सुमारास खोदून झाल्यावर काम थांबले, कारण मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड हा रस्ता करण्यात आला, आणि बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अद्यापि आहे. मराठी स्वाराचे नाव बंगाली अंगाईगीतातही जाऊन बसले आहे. तेथील आया मुलांस 'बर्गी आले' असे सांगून निजवीत आल्या. आपला 'बारगीर' तो हाच. इतिहास वाचताना आपण अटकेपार गेलेल्या घोड्यांचे कौतुक करतो. ज्या गावांतून घोडी गेली तेथील आयांनी काय गायिले, हेही एकदा ऐकावयास हवे.

पुढे या आठवणीवर फुंकर घालणारी माणसेही निघाली. सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी कुळातील गृहस्थ बंगालीत लिहीत. त्यांचे 'देशेर कथा' हे पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध झाले आणि परकी सत्तेने देशाची कशी लूट चालविली आहे, हे त्याने बंगाली घरोघर पोहोचविले. त्याच वर्षी शिवाजी उत्सवानिमित्त रवींद्रनाथांनी शिवछत्रपतींवर कविता लिहिली. ज्या प्रांतात मराठ्याच्या भीतीने खंदक खणला गेला, त्याच प्रांतातील कवीच्या नावाच्या तळ्याकाठी आज मराठी प्रवासी निर्धास्त बसतो, आणि शेजारचा बंगाली गृहस्थ त्याच्यासाठी चहा सांगतो. एका शहराने दोन वेळा माती खणली. एकदा ती भीतीपोटी खणली, आणि त्या खंदकावरून आता रस्ता गेला आहे. दुसऱ्यांदा ती राहण्या-फिरण्यासाठी खणली, आणि ते पाणी मात्र टिकले आहे.

तथापि ते आपोआप टिकलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात हा परिसर लष्कराकडे गेला. फाळणीनंतर येथील रिकाम्या लष्करी बराकींत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी आसरा घेतला. ज्यांना डोक्यावर छप्पर नव्हते त्यांनी तळ्याच्या शोभेचा विचार करावा असे कोण म्हणेल? २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ आले आणि एका रात्रीत येथील कित्येक मोठी झाडे मुळांसकट उलथून पडली. ज्यांनी वर्षानुवर्षे त्याच सावलीतून फेरी घातली होती, ते दुसऱ्या दिवशी घरातील माणूस गेल्यासारखे हळहळले.

याहून अवघड प्रश्न माणसांच्या आपापसांतील आहे. या तळ्यास नदीचा प्रवाह नाही. वाहत्या पाण्यात टाकलेली वस्तू निदान पुढे जाते. येथे जे पडेल ते येथेच राहते. फुले, तूप, तेल, अन्न पाण्यात कुजू लागले की त्या कुजण्यास प्राणवायू लागतो, आणि तो माशांच्या वाट्याचा असतो. म्हणून २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या सरोवरात छठपूजा करण्यास बंदी केली. छठ हे सूर्याचे व्रत. कार्तिकात स्त्रिया दीड दिवस पाण्याचा थेंबही न घेता राहतात, पाण्यात उभ्या राहून मावळत्या सूर्यास व दुसऱ्या पहाटे उगवत्या सूर्यास अर्घ्य देतात. कोलकात्यात हे व्रत करणारी बहुतेक कुटुंबे बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेली. २०१८ व २०१९ मध्ये बंदी असतानाही लोक आत आले. २०१९ मध्ये तर फाटकांची कुलुपे तोडली गेली. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सवलत नाकारली. त्या वर्षी फाटके बंद राहिली, पहारा बसला, आणि व्रतासाठी शहरात अन्यत्र घाट करून देण्यात आले.

या प्रकरणी निकाल देणे सोपे आहे. समजून घेणे कठीण आहे. सकाळी पायांत नीटस बूट घालून फेरी मारणाऱ्याने गरिबाच्या श्रद्धेस दोष द्यावा, हे बरे दिसत नाही. मूळ गावाची नदी शेकडो मैल दूर राहिलेल्या त्या बाईस दोन दिवस तरी पाणी हवे असते, आणि तिची मागणी आपल्या एकांताच्या मागणीहून कमी प्रतीची नाही. उलट, तळ्यात जगणारे मासे आणि त्यांवर जगणारी पाखरे यांना न्यायालयात जाता येत नाही. त्यांच्या वतीने कोणी तरी बोलावयास हवेच होते. अशा वेळी 'येथे नको' म्हणणाऱ्यावर 'मग कोठे' हे सांगण्याची जबाबदारीही येते. दुसरीकडे घाट बांधून देणे हे पहारा बसविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे होते असे आम्हांस वाटते. गणपतीच्या विसर्जनासाठी आपल्या गावोगावी कृत्रिम हौद बांधले जातात, तेव्हा आपणही हाच धडा गिरवीत असतो. पाणी पूज्य मानणाऱ्याने ते स्वच्छ ठेवावे, यात श्रद्धेचा कोठेही भंग नाही.

आणखी एक सावधगिरीची सूचना. शांत पाणी नेहमीच शांत राहते असे समजू नये. चैत्र-वैशाखात बंगालमध्ये 'कालबैशाखी' नावाची वादळे उठतात. छोटा नागपूरच्या तापलेल्या पठाराकडून ढग येतात, समुद्रावरील दमट वारा त्यांस बळ देतो, आणि दुपार कलल्यावर पाहता पाहता आकाश काळवंडून वायव्येकडून वाऱ्याचा झोत येतो. २१ मे २०२२ रोजी अशाच वादळात या सरोवरावर सराव करणाऱ्या मुलांची नाव उलटली आणि दोन शाळकरी मुले बुडून मरण पावली. त्या दिवशी सकाळी हेच पाणी आरशासारखे असेल. म्हणून उन्हाळ्यात वायव्येस ढग दिसताच झाडाखाली आसरा न घेता पक्क्या इमारतीत जावे, आणि पाण्यावर असलेल्याने तत्काळ काठ गाठावा. एकट्याने हिंडणाऱ्याने आपण कोठे जात आहो व केव्हा परतणार हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे; तो पुरुष असो वा स्त्री. भगिनींनी सकाळची वेळ निवडावी. त्या वेळी तेथे इतकी कुटुंबे, इतक्या माशिमा चालावयास आलेल्या असतात की परकेपणा फार काळ उरत नाही.

आता या फेरीत करावे काय, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. काही करू नये, हेच उत्तर. पहिल्या फेरीत पायांस वाट शोधू द्यावी. दुसऱ्या फेरीत एखादे झाड, एखादा पक्षी नीट पाहावा. मग बाकावर बसावे आणि घरच्या माणसांचा विचार करावा. तो एकांतात जितका स्वच्छपणे करता येतो, तितका घरात करता येत नाही. रोजच्या धबडग्यात आपण ज्यांच्यावर खेकसतो, त्यांच्याविषयी येथे बसून मन मऊ होते. एकट्याने प्रवास करावा तो घरास कंटाळून नव्हे. काही दिवस दूर राहून घराकडे पाहता यावे, एवढ्यासाठी तो करावा. शक्य झाल्यास तेथूनच एक पत्र लिहावे. दूरध्वनीवर बोलणे होतेच, परंतु तळ्याकाठी लिहिलेले पत्र घरी जपून ठेवले जाते.

आणि परत आल्यावर आपल्या गावच्या तळ्याकडे एकदा नव्या दृष्टीने पाहावे. कोल्हापूरकरांस रंकाळा आहे, ठाणेकरांस मासुंदा आहे, नागपूरकरांस फुटाळा व अंबाझरी आहेत. सोलापुरात बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या नावाचा तलाव आहे, आणि तो त्यांनी लोकांच्या श्रमांतून खोदविला असे परंपरा सांगते. यांपैकी कित्येक तळी माणसांच्या हातांनी घडलेली आहेत आणि माणसांच्या हातांनीच ती राहतील किंवा जातील. सकाळी काठावरून जाताना आपण स्वतःस तीन गोष्टी विचाराव्यात. हे कोणी खोदले? ते रोज कोण झाडते, कोण राखते? आणि माझ्यामागे येथे काय राहणार आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गावातील म्हाताऱ्यांकडे मिळेल. दुसऱ्याचे उत्तर पहाटे खराटा घेऊन आलेल्या माणसाकडे मिळेल; त्याच्याशी दोन शब्द बोलावे व त्याचे नाव विचारून घ्यावे. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे आहे, आणि त्यासाठी कोलकात्यापर्यंत जाण्याची गरज नाही.